परबकाकूंचं माप

माझ्या दंडाचा घेर किती आहे हे मला माहीत नाही. नितीनला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, तर नाहीच नाही. त्याला अजून माझ्या चपलेचा नंबर सांगता येत नाही. पण शेजारच्या परबकाकूंना भर झोपेतून उठवून विचारा. "दंड पावणेबारा, मुंढा सोळा, कंबर एकतीस," काकू डोळे न उघडता सांगतील. "गणपतीत साडेएकतीस झाली होती. मी आणली परत जागेवर."

यातलं 'मी आणली' अगदी शब्दशः खरं आहे. कंबर माझी असली तरी तिचा कारभार परबकाकूंकडे असतो.

आम्ही भाईंदरच्या जेसल पार्कात राहायला आलो त्या दिवशीच हे सुरू झालं. खाली टेम्पोतून कपाट उतरत होतं, नितीन वॉचमनशी हिंदीत हुज्जत घालत होता आणि मी दारात घामाघूम उभी होते. शेजारचं दार उघडलं. साठी ओलांडलेल्या, ठेंगण्या, गळ्यात मापाची टेप घातलेल्या एक बाई चहाचा ट्रे घेऊन आल्या. त्यांनी नाव विचारलं नाही की गाव विचारलं नाही. ट्रे चपलांच्या कपाटावर ठेवला, माझ्या खांद्यांना धरून मला गर्रकन वळवलं आणि पाठीला टेप लावली.

"अगं बाई! आमच्या शुभाचंच अंग! हात वर कर बघू."

मी हात वर केले. का केले, देव जाणे. परबकाकू 'हात वर कर' म्हणाल्या की माणूस हात वर करतो. माप झाल्यावर चहा मिळाला. नाव त्यांनी दुसऱ्या दिवशी विचारलं.

शुभा ही काकूंची एकुलती एक मुलगी. लग्न होऊन बडोद्याला गेलेली. काका लवकर गेले, तेव्हापासून काकूंनी गॅलरीत पायाचं मशीन टाकून निम्म्या भाईंदर पूर्वेचे ब्लाऊज शिवले आणि पोरीला शिकवलं. आता बाहेरचं काम बंद केलंय. आता त्या फक्त शुभासाठी शिवतात. पण शुभा इथे नाही, मग माप कुणाचं घ्यायचं? माझं. टेलरच्या दुकानात तो बिनमुंडक्याचा पुतळा असतो ना, तशी मी. फरक एवढाच की पुतळ्याला कुणी जेवायला वाढत नाही.

मला मात्र वाढतात, आणि तेही मापाप्रमाणे. दर महिन्याला काकू टेप लावून तपासणी करतात. अर्धा इंच कमी भरलं की दुसऱ्या दिवशी साजूक तूप लावलेल्या आंबोळ्या, काजूची उसळ, डिंकाचे लाडू. अर्धा इंच जास्त भरलं की मुगाचं कढण आणि दुधी. आमची दोघींची स्वयंपाकघरं भिंतीला भिंत लावून आहेत, खिडक्या शेजारी शेजारी. माझ्या ताटात काय पडतंय हे त्यांना पोळीच्या वासावरून कळतं. "नितीन, तिला तिसरी पोळी वाढू नकोस रे!" असा आवाज येतो, आणि माझा नवरा, जो माझं एक अक्षर ऐकत नाही, तो पोळीचा डबा मुकाट्याने बंद करतो.

एकदा मी बंड केलं. मीरा रोडच्या एका जिममध्ये नाव घातलं आणि चांगली दोन इंच बारीक झाले. ऑफिसात सगळ्या जळल्या. मी तोऱ्यात घरी आले, तर काकूंनी टेप लावली आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

"कुणाला विचारून?"

"काकू, माझं अंग आहे!"

"अंग तुझं. माप माझं आहे."

दुसऱ्या दिवशी काकू शेअर रिक्षाने थेट जिममध्ये. तो ट्रेनर बिचारा दंड फुगवून पुढे आला. "आंटी, मेंबरशिप चाहिए?"

"मेंबरशिप गयी खड्ड्यात. ये लडकी मेरा माप है. तुमने दो इंच कम किया. अब वापस करो."

"आंटी, लोग तो कम करने के लिए ही आते हैं."

"लोग को करो. इसको नहीं करनेका."

मी ट्रेडमिलवर होते. ट्रेडमिल थांबवता येते, पण उतरून जमिनीत गडप होता येत नाही. आठवडाभर डिंकाचे लाडू खाऊन मी पूर्ववत झाले. पुन्हा त्या जिमच्या रस्त्यानेसुद्धा गेले नाही.

टेपचं हे खूळ फक्त माझ्यापुरतं आहे असं समजू नका. काकू बाजारात टेप घेऊन जातात. पडवळ मोजतात. उत्तनहून एक कोळीण येते, तिच्या पाटीतलं पापलेट शेपटापासून तोंडापर्यंत मोजतात. ती वैतागून ओरडते, "ओ बाय, म्हावरा हाय, ब्लाऊजपीस न्हाय!" काकू ढिम्म. "आठ इंचाखाली मी पापलेट घेत नाही. तळल्यावर आटतं." आणि तीच कोळीण दर नारळी पौर्णिमेला काकूंनी पूर्वी शिवलेला ब्लाऊज घालून येते, हेही सांगितलं पाहिजे.

आता मुख्य गोष्ट. शुभासाठी शिवलेल्या ब्लाऊजांनी काकूंच्या पलंगाखालची पेटी भरली होती. दसरा, पाडवा, संक्रांत, प्रत्येक सणाला एक. सगळे माझ्या मापाचे आणि त्यातला एकही कधी बडोद्याला गेला नाही. का? तर शुभाने मागितला नाही म्हणून.

झालं असं होतं. शुभाचं लग्न ठरलं तेव्हा तिने शालूवरचा ब्लाऊज मीरा रोडच्या एका बुटीकमध्ये शिवायला टाकला. मागून सगळी पाठ उघडी, खाली दोन गोंडे. अख्ख्या भाईंदरच्या नवरीमुलींचे ब्लाऊज शिवणाऱ्या बाईची पोरगी! काकू म्हणाल्या, "पाठीला कापडच लावायचं नाही तर शिवतात कशाला?" शुभा म्हणाली, "आई, तुझे ब्लाऊज बायकांचे असतात. हा नवरीचा आहे." त्यावर काकू म्हणाल्या, "ठीक आहे. मग यापुढे माझ्याकडे ब्लाऊज मागायचा नाही."

झालं. पोरगी कुणाची? तिने मागितला नाही.

तसं दोघींचं फोनवर बोलणं व्हायचं. पाऊस आहे का, गॅस संपला का, जावयाचा, जिग्नेशचा, खोकला कसा आहे. ब्लाऊज हा शब्द दोघी काढत नव्हत्या. बोरिवलीला गाडीत बसलं की दुपारच्या जेवणाला माणूस बडोद्यात. पण काकू गेल्या नाहीत आणि शुभा आली नाही. आधी मुलं लहान, मग सासूचं आजारपण, मग तो लॉकडाऊन, आणि मग न येण्याचीच सवय होऊन बसली. शुभा व्हिडिओ कॉल लावायची, त्यात तिचं कपाळ आणि वरचा पंखा दिसायचा. काकू त्या कपाळाशी अर्धा अर्धा तास बोलायच्या.

यंदाच्या लग्नसराईत एका सकाळी काकूंनी माझी बेल दाबली ती सोडलीच नाही.

"मेघा, शुभा येतेय. नणंदेचं लग्न आहे मीरा रोडला. आधी दोन दिवस माझ्याकडे राहणार." एवढं बोलून त्या मटकन माझ्या सोफ्यावर बसल्या. "मागेल का गं ती?"

"तुम्हीच द्या ना पेटी उघडून."

"मी कशी देऊ? मागू नकोस म्हटलंय मी."

"मग म्हणा, आता माग."

"असं कसं म्हणू? मागायला लावून मागितलं तर ते मागणं झालं का?"

 ब्लाऊजमधला ब सुद्धा काढणार नाही, अशी शपथ माझ्याकडून घेऊनच त्या उठल्या. पुढचे दिवस आमच्या मजल्यावर नुसता घमघमाट. वाटपाचं खोबरं भाजलं जातंय, कोकमाची सोलं भिजतायत, वडे थापायचं पीठ दळून आलंय. आणि मध्येच मशीनचा आवाज, कारण हात गप्प बसत नव्हते. मी विचारलं, "काकू, आता काय शिवताय?" तर उशांचे अभ्रे. घरात जेवढ्या उशा नाहीत तेवढे अभ्रे शिवून झाले.

शुभा आली. दार उघडायला मीच होते, आणि खोटं कशाला बोलू, मला पहिल्यांदा ती पेटीच आठवली. समोर हसतमुख, गोरीगोमटी, भरभक्कम बाई. माझ्यासारख्या दोन आरामात मावतील. पेटीतल्या ब्लाऊजात तिचा दंडसुद्धा जाणार नव्हता. मी काकूंकडे पाहिलं. दोन इंचांवरून जिम गाठणारी ही बाई! पण काकूंची पापणी लवली नाही. त्या एवढंच म्हणाल्या, "हातपाय धू. कोलंबी गार होतेय."

जेवताना दोघी गॅस आणि खोकल्यावरच बोलत होत्या. शुभाचं सासर शाकाहारी. तिने कोलंबी अशी खाल्ली की मलाच भरून आलं. काकू वाढत होत्या आणि वाट बघत होत्या. माझ्या जिभेवर शपथ नुसती वळवळत होती.

जेवण झाल्यावर शुभाला उशी हवी होती. ती पलंगाखाली वाकली आणि तिने पेटीच ओढली. झाकण उघडलं. रेशमी, इरकली, खणाचे, काठाचे, एकावर एक घड्या. तिने एक ब्लाऊज उचलून आपल्या अंगासमोर धरला. तिचे कान लाल झाले.

"आई, हे कुणाचे गं?"

 काकू शांतपणे म्हणाल्या, "मेघाचे. बघ की, तिचंच माप आहे. तिच्याकडे कपाट लहान आहे म्हणून इथे ठेवते."

मी मान डोलावली. काय करणार? खोटं बोलताना परबकाकूंचं तोंड मी पहिल्यांदा पाहत होते, आणि ते इतकं सरळ होतं की घटकाभर मलाही खरं वाटलं.

शुभाने ब्लाऊजची घडी घातली, पुन्हा उघडली, बाहीच्या आतली टीप बोटाने चाचपून पाहिली. मग उठून तिने आपली बॅग उघडली. आतून साड्या निघाल्या. एक, दुसरी, तिसरी. सगळ्यांचे ब्लाऊजपीस अजून साडीलाच जोडलेले. एकालाही कात्री लागलेली नव्हती.

"लग्नापासून घेतलेल्या आहेत," ती साडीकडेच बघत म्हणाली. "तिथे ड्रेसच घालते मी. एकदा एका टेलरकडे गेले होते, तो मुंढा मोजायला लागला आणि मी उठून आले. आई, ही मोरपिशी परवा नेसायची आहे. होईल का गं उद्या संध्याकाळपर्यंत?"

 त्यांनी गळ्यातली टेप काढली. "हात वर कर," म्हणाल्या. मोजता मोजता त्यांनी पोरीच्या पाठीवर गाल टेकला आणि बराच वेळ तसाच ठेवला. दुसऱ्याचं माप जगाला ओरडून सांगणाऱ्या बाईने त्या दिवशी एक आकडा तोंडातून काढला नाही. "किती आलं?" शुभाने विचारलं. "तुला काय करायचंय? माझं मी बघीन," काकू नाक ओढत म्हणाल्या.

मी माझ्या घरी आले. दुसऱ्या दिवशी दिवसभर भिंतीपलीकडून मशीनचा आवाज आणि दोघींचं भांडण ऐकू येत होतं. शुभाला मागे गोंडे हवे होते. काकूंनी ते लावले. मोरपिशी ब्लाऊजला दोन गोंडे! लग्नातला तो फोटो काकूंनी वॉचमनपर्यंत सगळ्यांना दाखवला.

शुभा गेली. आणि मग मला एक विचित्रच गोष्ट जाणवायला लागली. तपासणीचा दिवस आला आणि गेला, बेल वाजली नाही. मी तिसरी पोळी खाल्ली, मुद्दाम खिडकी उघडी ठेवून खाल्ली, पलीकडून हाक आली नाही. बरोबरच होतं. खरं माप मिळालं होतं, आता पुतळा कशाला हवा? सुटले एकदाची, असं मी नितीनला म्हटलं. तो म्हणाला, "मग तोंड का पाडून बसलीयस?"

एका रविवारी बेल वाजली. दारात काकू. एका हातात झाकलेलं ताट, दुसऱ्या हाताने ती पेटी ओढत आणलेली.

"हे तुझे. पोरीसमोर बोलले ना मेघाचे म्हणून, मग मेघाकडेच हवेत. हात वर कर."

"आता कशाला काकू? शुभाचं माप मिळालं की तुम्हाला."

"शुभाचं माप काय, मला आधीच ठाऊक होतं. व्हिडिओवर नुसतं कपाळ का दाखवते, एवढं कळत नाही होय मला? दोन बाळंतपणं झालेली पोरगी. आई आहे मी तिची."

 "म्हणजे ठाऊक होतं तुम्हाला? मग इतकी वर्षं माझं माप कशाला घेत होतात?"

काकूंनी टेपचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, परत गुंडाळलं.

"कुणाचं तरी घ्यायला हवं ना गं," त्या म्हणाल्या. "घरात दुसरं माणूस नाही. टेप गळ्यात घालून नुसती किती बसू?"

  मी हात वर केले. काकूंनी कमरेला टेप लावली, आकडा बघायला चष्मा वर सरकवला आणि बघितलाच नाही.

"हललंय का?" मी विचारलं.

"असू दे," काकू म्हणाल्या. "बस. आंबोळ्या गरम आहेत."