डॉक्टर दिवेकरांचा खुबा आणि माझा पाट

आमचे शेजारी डॉक्टर दिवेकर कुणाच्याही घरी गेले की आधी कोन मोजतात, मग नीट टेकून बसतात. त्यासाठी त्यांच्या खिशात एक पिवळा प्लास्टिकचा गुण्या असतो, शाळेतली पोरं भूमितीला वापरतात तसला. खुर्चीच्या कडेला जरा टेकायचं, गुण्या पोट आणि मांडीच्या मध्ये धरायचा आणि समोरच्याला विचारायचं, "बघा हो, नव्वद आहे का?" स्वतः बघायचं तर वाकावं लागतं आणि वाकायची बंदी. समोर घरची सून असो, सत्यनारायणाचे गुरुजी असोत, नाहीतर मीटर वाचायला आलेला गोरा असो, त्यानं बघायचं आणि सांगायचं. मग डॉक्टर म्हणणार, "नव्वद म्हणजे नव्वद!" आणि बसणार.

त्याचं कारण असं की त्यांचा उजवा खुबा बदलला. माझा डावा त्यांच्या आधीच बदलला होता. हे ऑपरेशन झालं की सुरुवातीचे काही आठवडे मांडी आणि धडात काटकोनापेक्षा कमी कोन होऊ द्यायचा नाही, पायावर पाय टाकायचा नाही, खाली पडलेलं उचलायचं नाही. नाहीतर नवा सांधा निखळायची भीती. माझं शिक्षण चौथी, पण काटकोन चौथीपर्यंत येऊन गेला होता, त्यामुळे मला ते समजलं. मी "बरं" म्हटलं आणि उंच खुर्चीत बसून राहिले. डॉक्टर जास्त शिकलेले, म्हणून त्यांनी गुण्या आणला.

हा माणूस जन्मभर भूल द्यायचं काम करत होता. आधी कार्डिफच्या हॉस्पिटलात, मग इथे इंग्लंडात, रीडिंग गावात. हजारो लोकांना झोपवलं असेल. पण स्वतःच्या ऑपरेशनला फक्त कमरेखाली भूल घेतली आणि पडद्याच्या अलीकडून त्या भूल देणाऱ्या पोरीला सूचना द्यायला लागले. हे कमी कर, ते वाढव. शेवटी तिनं यांनाच झोपेचं औषध दिलं. हे ते स्वतःच सांगतात आणि वर म्हणतात, "बरोबर केलं तिनं. मीही तेच केलं असतं."

घरी आले ते हातात लांब दांड्याचा चिमटा घेऊन. खाली पडलेलं उचलायला हॉस्पिटलातून देतात. मी माझा महिन्याभरात कपाटात टाकला. डॉक्टरांनी मात्र त्या चिमट्याशी संसार मांडला. त्यानं पेपर उचलायचे, पडदे ओढायचे, मांजर हाकलायचं. एकदा आमच्याकडे चिमट्यानं ताटातली भजी उचलली. आमची मेघना, म्हणजे माझी सून, म्हणाली, "अंकल, भजी तर टेबलावर आहेत, हात पोचतोय की!" तर म्हणाले, "प्रॅक्टिस, मेघना, प्रॅक्टिस."

शिवाय संडासाच्या भांड्यावर ठेवायची ती उंच बैठक. ब्रॅकनेलला एका बारशाला गेलो तेव्हा डॉक्टर ती मोठ्या पिशवीत घालून बरोबर घेऊन आले. दारात पोराच्या आईनं "अय्या, कशाला आणलंत एवढं मोठं!" म्हणत पिशवी हातातून घेतली आणि पाळण्याजवळ भेटींच्या ढिगात ठेवली. डॉक्टर भिडस्त. जेवण झाल्यावर चुळबुळ करायला लागले, तेव्हा मीच उठून सगळ्यांसमोर ती पिशवी बाहेर काढली. म्हटलं, ही बाळाला पुरायला अजून वेळ आहे, सध्या डॉक्टरांना लागते.

व्यायामाचंही तसंच. मला फिजिओनं सांगितलं होतं, ओट्याला धरून पाय बाजूला उचला. मी ओट्याला धरून उचलला. डॉक्टर जिथे धरायला मिळेल तिथे उचलायचे. बसस्टॉपच्या खांबाला धरून उचलत होते तर बस थांबली. इथे बस थांबवायला हात करावा लागतो. ड्रायव्हरला वाटलं, म्हातारा हात हलत नाही म्हणून पाय करतोय. डॉक्टरांना कुठेही जायचं नव्हतं, पण तो थांबला म्हणून हे चढले आणि एक स्टॉप जाऊन परत आले.

एवढं करून त्यांना हवं काय होतं, तर पाटावर बसायला.

पहिल्याच आठवड्यात माझा खुबा कसा चाललाय हे विचारायला आले, तेव्हा माझ्या देवघरासमोरच्या पाटाकडे चिमटा रोखून म्हणाले, "शांताबाई, मला तिथे बसायचंय."

मी म्हटलं, "आत्ता?"

"आत्ता नाही हो. पण बसायचंय. जमेल?"

"मी बसते. पण मला इथे यायला वर्ष लागलं. आणि मी काही डॉक्टर नाही, मी सांगितलेलं ऐकते."

मला वाटलं, गणपतीच्या पंगतीसाठी. आमच्या इथल्या गणपतीला एका हॉलमध्ये जमिनीवर पंगत बसते, म्हाताऱ्यांना मागे खुर्च्या. डॉक्टरांना म्हाताऱ्यांत बसायचं नसेल. पुरुषांना असली हौस असते.

त्यांची फिजिओ बेथन नावाची वेल्सची मुलगी होती. कार्डिफची निघाली म्हणून यांची गट्टी. तिनं विचारलं, "डॉक्टर, तुमचं ध्येय काय? बाकीचे म्हणतात गोल्फ, बागकाम." हे म्हणाले, "जमिनीवर बसणं." तिनं विचारलं, "कशाला?" म्हणाले, "खाजगी आहे." ती म्हणाली, बघू, काहींना जमतं, काहींना नाही, मी शब्द देत नाही. त्या दिवशी डॉक्टर आमच्याकडे आले आणि गुण्या न काढता बसले. मेघना घाबरली. मला म्हणाली, "आई, अंकलना बरं नाहीये का? ट्रँगल नाही काढला."

मी त्यांना चहा दिला आणि म्हटलं, "तोंड पाडून खुबा वाकत नाही. ती नाही म्हणाली का? बघू म्हणाली. मग बघा."

त्यानंतर आमच्या घरात डॉक्टरांचा उतरता प्रवास सुरू झाला. बंदीचे आठवडे संपले, सर्जननं तपासून हरकत नाही सांगितलं, आणि डॉक्टर माझ्या उंच खुर्चीवरून जेवणाच्या खुर्चीवर आले. तिथून सोफ्यावर. सोफ्यात पहिल्यांदा बसले तेव्हा असे रुतले की माझा मुलगा ऑफिसमधून येईपर्यंत तिथेच. मेघनानं त्यांना तिथेच जेवायला वाढलं. मग मेघनाचं जोडे ठेवायचं बसकं स्टूल आलं, त्यावर बसायला लागले. प्रत्येक वेळी गुण्या. आता मात्र उलट. "बघा हो, नव्वदच्या खाली आहे ना?" खाली आहे म्हटलं की चेहरा असा उजळायचा, जसा काही मुलगा पास झाला.

स्वतःचा मोजा स्वतः घातला त्या दिवशी मला दाखवायला आले. पायात एकच मोजा. मी म्हटलं, "दुसरा?"

"दुसऱ्या पायात आधीपासून जमतोच की. त्याचं काय कौतुक!"

बेथननं त्यांना खाली बसायची रीत शिकवली. जड खुर्ची धरायची, आधी गुडघे टेकायचे, मग एका कुशीला कलत बसायचं. घाई नाही, पीळ नाही. घरी गादी घालून करत होते. गणपती जवळ आले तेव्हा एक दिवस आमच्या देवघरासमोर खुर्ची धरून ते माझ्या पाटावर टेकले. मांडी काही नीट पडली नाही, एक गुडघा उंटाच्या पाठीसारखा वर राहिला. पण बसले. मेघनानं टाळ्या वाजवल्या. मी म्हटलं, "झालं. आता पंगतीत बसा."

"पंगत?" डॉक्टर म्हणाले. "पंगतीत कोण बसतंय? शांताबाई, हा पाट मला उद्या जरा नेता येईल?"

पाट मी कुणाला देत नाही. साताऱ्याहून येताना दोन साड्या कमी घेऊन तो बॅगेत घातला होता. विमानतळावर उघडून विचारलं होतं, हे काय आहे. म्हणून डॉक्टरांना सांगितलं, पाट जाईल तिथे मी जाणार. ते म्हणाले, "चला मग."

दुसऱ्या दिवशी टॅक्सी नर्सिंग होमला गेली, म्हणजे इथे म्हाताऱ्या, परावलंबी माणसांना ठेवतात तिथे.

सुमनताई, म्हणजे डॉक्टरांच्या बायको, तीन वर्षं तिथे आहेत. विसरायला लागल्या, गॅस चालू ठेवायला लागल्या, रात्रीच्या बाहेर पडायला लागल्या, तेव्हा ठेवलं. डॉक्टर रोज दुपारी जातात हे आख्ख्या गल्लीला माहीत आहे. मी दोनदा गेले होते. त्यांनी मला ओळखलं नाही, मग मी काय बोलणार? म्हणून पुढे गेले नव्हते.

खिडकीजवळच्या खुर्चीत बसलेल्या. केस छान विंचरलेले. आमच्याकडे पाहिलं नाही. डॉक्टरांनी खिशातून आज गुण्याऐवजी काशाची वाटी काढली आणि तुपाची डबी.

तळपायाला काशाच्या वाटीनं तूप चोळतात, ते. आमच्याकडेही उन्हाळ्यात करायचे. चोळता चोळता तळवा काळा होतो, म्हणतात उष्णता निघाली. डॉक्टर म्हणाले, "उष्णता-बिष्णता काही नसते हो, धातूचा आणि तुपाचा परिणाम आहे. पण झोप लागते. माझी रात्रपाळी असायची ना, सकाळी आलो की ही पाटावर बसून माझे चोळायची. मी खुर्चीतच घोरायचो. सगळ्या हॉस्पिटलला मी झोपवायचो आणि मला ही."

इथे आणल्यापासून ते रोज सुमनताईंचे तळवे चोळत होते. पहिल्या वेळी रात्रीच्या नर्सनं पांघरूण बाजूला केलं तर दोन्ही तळवे काळे ठिक्कर. तिनं धावपळ करून डॉक्टर बोलावला. सुमनताईंची काळजी घेणारी ग्रेस म्हणून घानाची बाई आहे, ती हसत मला सांगत होती. आता सगळ्यांना माहीत आहे म्हणे, काळे पाय दिसले की समजायचं, नवरा येऊन गेला. मग ती हसायची थांबली. म्हणाली, "ऑपरेशन झालं तेव्हापासून पाय स्वच्छ. आणि बाई रात्र रात्र जागी."

मी डॉक्टरांना सरळ विचारलं, "पलंगावर पाय घेऊन चोळायचे होते. त्याला खुबा कशाला वाकायला हवा?"

"बघितलं करून. पलंगावर कुणी पायाला हात लावला की आखडून घेते, घाबरते. ग्रेसनंही करून बघितलं. खुर्चीत असताना खाली कोणी पाटावर बसलेलं दिसलं तरच देते." वाटी पुसत म्हणाले, "तिला मी कळत नाही, शांताबाई. पण हे कळतं."

पूर्वी ते तिथलं एक बसकं लाकडी खोकं वापरायचे, ते मधल्या काळात कुणीतरी फेकलं होतं. म्हणून माझा पाट. ग्रेसनं पाटाकडे बघून म्हटलं, यावर घसरून कोणी पडलं तर? मी म्हटलं, पाट घसरत नाही, माणसं घसरतात, आणि हा माणूस कोन मोजून बसतो. इंग्रजी मला कळतं, पण बोलायला मेघना लागते; ती नव्हती, त्यामुळे हे मी मराठीतच म्हटलं. तिनं खाली रबरी चटई घातली आणि जड खुर्ची आणून दिली.

डॉक्टरांनी खुर्ची धरली. गुडघे टेकले. एका कुशीला कलले. मी मागे उभी राहिले, पडले तर धरायला, म्हणजे दोघंही पडायला. बसले. गुडघा उंटासारखाच वर. मोजायला कोणी सांगितलं नाही.

सुमनताईंनी खाली पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग सपाता काढून उजवा पाय पुढे केला, जसा दुकानात जोड्याचं माप द्यायला करतात.

डॉक्टर चोळायला लागले. खोलीत नुसता वाटीचा आवाज. हळूहळू तळवा काळा झाला. घामानं डॉक्टरांचा शर्ट पाठीला चिकटला. ते थांबले, पाठ ताणायला मागे झाले. मला वाटलं, झालं, आज एवढं पुरे.

सुमनताई म्हणाल्या, "दुसरा कोण करणार?"

मराठीत म्हणाल्या. करड्या आवाजात, जशी कुठल्याही घरातली बाई नवऱ्याला म्हणेल. ग्रेस दारात थांबली. तिला शब्द कळले नाहीत, आवाज कळला.

"करतो, करतो," डॉक्टर म्हणाले. "जरा दम खाऊ दे." आणि डावा पाय मांडीवर घेतला.

तो होईपर्यंत सुमनताईंची मान कलली होती आणि त्या घोरत होत्या. मग कळलं की डॉक्टरांनी खाली बसायचा सराव इतका केला होता की वर उठायचा फारसा केलाच नव्हता. एका बाजूनं मी, एका बाजूनं ग्रेस, मध्ये खुर्ची, आणि डॉक्टर कुजबुजत सूचना देतायत, हळू, ती उठेल, हळू. दोघींनी मिळून त्यांना उभं केलं. त्यांचे दोन्ही हात मनगटापर्यंत काळे. माझ्या पातळाला बोटं लागली ती अजून गेली नाहीत.

निघताना डॉक्टरांनी पाट पुसून माझ्या हातात दिला. मी तो घेतला, पलंगाखाली सरकवला आणि त्यांना म्हटलं, चला, टॅक्सी उभी आहे.

घरी आल्यावर मेघनानं देवघरासमोरची मोकळी जागा बघून विचारलं, "आई, पाट कुठे गेला?"

मी म्हटलं, "कामाला लागला."