वच्छलाबाईंच्या घरातला समुद्र

एका जंगलात, बाळांनो, समुद्र कोणीच पाहिला नव्हता. पण वच्छलाबाई अस्वलीण यांच्या गुहेत समुद्र होता. टीव्हीच्या शेजारी, काचेच्या पेटीत.

तो त्यांच्या मुलाने, दिगूने, मोठ्या हौसेने मांडला होता. आत खारं पाणी, जिवंत प्रवाळ आणि पांढऱ्या पट्ट्यांचा एक केशरी मासा. माशाचं नाव शेंदऱ्या. मग दिगूला एका लांबच्या बेटावर नोकरी लागली. तो गेला आणि समुद्र आईकडे राहिला. मुलांच्या हौशी अशाच आईकडे राहतात. तुमच्या नाही का राहिल्या?

सुरुवातीला दिगू रोज फोन करायचा. मग रविवारी. मग सणावारी.

"आई, बरी आहेस ना?"

"बरी आहे रे."

आता बऱ्या असलेल्या अस्वलाशी माणूस आणखी काय बोलणार? फोन संपायचा.

इकडे समुद्राचं मात्र काही खरं नव्हतं. त्याचं काय करायचं असतं हे वच्छलाबाईंना कोणी सांगितलंच नव्हतं. त्यांना एकच गोष्ट येत होती, आग्रह करणं. त्यांच्या घरून कोणी उपाशी गेलेलं जंगलाला आठवत नाही. आलेला पाहुणा आधी स्वतः खायचा, मग वच्छलाबाई त्याच्या हातावर चिमूटभर काहीतरी ठेवायच्या. "घाला शेंदऱ्याला. घाला हो, एवढ्याने काय होतंय!" कधी पोह्यांचा दाणा, कधी चकलीचा तुकडा. मासा खायचा तेवढं खायचा. उरलेलं तळाशी बसून कुजायचं.

पाणी आटलं की त्या हंड्यातलं पाणी ओतायच्या आणि वर मूठभर मीठ टाकायच्या. समुद्राचं पाणी अळणी कसं चालेल?

हळूहळू काचेवर शेवाळ चढलं. प्रवाळ पांढरं पडलं. शेंदऱ्या एका कोपऱ्यात मलूल होऊन बसला.

जंगलाला हे कळलं आणि जंगल पेटून उठलं. लगेच समुद्र बचाव समिती स्थापन झाली. समुद्र न पाहिलेले सगळे तिच्यात होते. अध्यक्ष रानडुक्कर. त्यांना चिखलाचा अनुभव होता. वच्छलाबाईंच्या गुहेत समितीचं उद्घाटन झालं. नारळ फुटला, त्याचं पाणी श्रद्धेने पेटीत पडलं. माकडाने भाषण केलं. तरसाने तीव्र चिंता व्यक्त केली. अल्पोपाहार झाला आणि जाताना प्रत्येक सभासदाने शेंदऱ्याला प्रेमाने एकेक घास घातला.

दुसऱ्या दिवशी पाणी दुधासारखं झालं आणि गुहेत वास सुटला.

वच्छलाबाई घाबरल्या. लेकाने सोपवलेला जीव आपल्या हातून जाणार, या विचाराने त्यांना रडू आलं. सण नसताना त्यांनी पहिल्यांदा स्वतःहून दिगूला फोन लावला.

"दिगू, शेंदऱ्या जातो की काय रे!"

"काय? आई, कॅमेरा जवळ ने. अजून जवळ. अगं, मीठ किती घातलंस?"

"जरासं."

"जरासं म्हणजे किती?"

"अंदाजाने."

"आई, हा समुद्र आहे. आमटी नाही!"

त्या दिवसापासून दिगूचा रोज फोन येऊ लागला. पाणी आटतं तेव्हा मीठ मागे राहतं, म्हणून वर नुसतं गोडं पाणी घालायचं, हे त्याने समजावलं. समितीला दार बंद झालं. दिगूने रोहित पक्ष्याबरोबर खरं समुद्री मीठ पाठवलं, ते मोजायची नळी पाठवली आणि शेवाळ खाणाऱ्या चार गोगलगायी पाठवल्या. वच्छलाबाई रबरी नळीने तळाचा गाळ ओढून काढत. थोडं जुनं पाणी काढत, थोडं नवं घालत. जुन्या दातघासणीने काच घासत. शेवाळ वाढू नये म्हणून पेटीवरचा दिवा लवकर मालवत. दिगू फोनवर समोर बसून बघत राहायचा.

"एकदम सगळं पाणी बदलून टाकू का रे? एका झटक्यात काम होईल."

"नको, आई. त्याला झटका सोसत नाही. हळूहळू."

हळूहळू म्हटलं की बोलायला वेळ मिळतो. गाळ निघेपर्यंत दिगूच्या साहेबाबद्दल बोलून व्हायचं. काच घासेपर्यंत शेजारच्या घुबडिणीच्या सुनेबद्दल. एकदा तर आईच्या गुडघ्यांबद्दलही बोलणं झालं. दिगूला ते गुडघे दुखतात हे माहीतच नव्हतं.

पाणी नितळ झालं. प्रवाळाला जांभळी कड फुटली. शेंदऱ्या कोपऱ्यातून बाहेर आला आणि गिरक्या घेऊ लागला.

"जिंकलीस, आई!" दिगू म्हणाला. "आता काळजी मिटली."

आणि बाळांनो, काळजी मिटली तसा फोनही मिटला. एक आठवडा गेला, दुसरा गेला. वच्छलाबाई लखलखत्या समुद्रासमोर बसून राहायच्या. त्यांना फार एकटं वाटायचं. एका दुपारी त्यांनी चकलीचा डबा उघडला. एक मोठा तुकडा मोडला आणि पाण्यावर धरला. शेंदऱ्या वर आला आणि विश्वासाने तोंड उघडून थांबला.

वच्छलाबाईंनी हात मागे घेतला. तुकडा स्वतःच खाल्ला.

मग त्या स्वयंपाकघरात गेल्या. कोथिंबीर निवडली, मिरची घेतली आणि बारीक चटणी वाटली. ती वाटी घेऊन त्या पेटीसमोर आल्या. काचेला बाहेरून, चार बोटांनी, त्यांनी ती व्यवस्थित फासली. थोडं लांब उभं राहून पाहिलं. एका कोपऱ्यात कमी वाटली, तिथे अजून लावली. मग फोन लावला.

"दिगू, जरा बघतोस का रे?"

"अरे देवा! आई, हे शेवाळ परत कसं आलं? आणि इतकं हिरवं? शेंदऱ्या दिसतच नाहीये!"

"आहे रे आत. मलूल वाटतोय."

"तू घाबरू नकोस. मी उद्यापासून रोज फोन करतो."

"करावाच लागेल, बाळा," वच्छलाबाई म्हणाल्या आणि बोटं चाटली. मीठ अगदी बेताचं पडलं होतं.

तात्पर्य : काच नेहमी लख्ख ठेवावी, असं सगळे शहाणे सांगतात. ज्यांची मुलं घरात आहेत, त्यांनी खुशाल ठेवावी. बाकीच्यांनी "मी बरी आहे" असं फोनवर चटकन सांगून टाकू नये.