डबीरकाकांचं विशेषण

डबीरकाकांमुळे मी आज जबलपुरात आहे. हे आधी सांगून टाकतो, कारण पुढं जे सांगणार आहे त्यात तुम्ही त्यांना हसाल. मीही हसायचो.

इथल्या लष्करी सामानाच्या फॅक्टरीच्या क्वार्टरांत ते माझ्या समोर राहतात. नकाशे काढायच्या खात्यात आहेत. पूर्वज भोसल्यांच्या चाकरीत इकडे आले ते इथलेच झाले. काका एकटे असतात. उन्हापावसात छत्री, आणि तोंडात एकच इंग्रजी शब्द: इम्प्रॅक्टिकल. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते भाजीवाल्याला सांगत होते, "भैया, ये टोकरी इम्प्रॅक्टिकल है." भाजीवाला शांतपणे म्हणाला, "नहीं बाबूजी, बाँस की है."

वीसेक वर्षांपूर्वी त्यांच्या एका नकाशावर कुणा साहेबानं लाल पेन्सिलीनं हा शब्द लिहिला. दुसऱ्या कुणी नकाशा बदलला असता. काकांनी डिक्शनरी आणली. तेव्हापासून हा शब्द कुठं कुठं बसतो ते एका वहीत टिपून ठेवतात. "वस्तूला म्हटला तर वस्तू बिनकामाची. बेताला म्हटला तर बेत पार पडत नाही. अशक्य वेगळं बरं का. अशक्य होतच नाही. हे होतं, पण झाल्यावर लोक हसतात." आणि माणसाला म्हटला तर? तिथं येऊन काका नेहमी चहाचा घोट घेत, आणि विषय संपे.

मी आर्वीकडचा, सातवीतून शाळा सोडलेला. एकाहत्तरच्या लढाईच्या दिवसांत फॅक्टरीनं भराभर टेम्पररी माणसं घेतली, त्यात लागलो. निघताना मोठा भाऊ म्हणाला होता, महिन्याभरात परत येशील. ते वाक्य मी उशाला घेऊन झोपायचो. कार्डावर वाईट शेरा पडला की टेम्पररी माणूस महिनाअखेरीस घरी, हे मला पक्कं ठाऊक होतं.

असं असून मी सूचनापेटीत सूचना टाकली. सुट्या भागांच्या लाकडी पेट्या आम्ही दिवसभर गोदामात उचलून नेत असू. त्यांना खालून चाकं लावावीत, एवढंच. इंग्रजी काकांनी लिहून दिलं, नकाशाही काढला. चाकं तर इतकी सुबक की वाटावं आत्ता फिरतील. मोठे साहेब खूश झाले आणि एक पेटी करवून घेतली. ती छान गडगडत गेली आणि गोदामाच्या दाराशी चार पायऱ्या आहेत तिथं थांबली. दिवसातून चाळीस वेळा त्या पायऱ्या चढणारा मी, कागदावर त्या विसरलो होतो. काकांना त्या ठाऊकच नव्हत्या. शेवटी चौघांनी ती पेटी चाकांसकट उचलली. आता ती आणखी जड झाली होती.

फोरमननं माझ्या कार्डावर एकच शब्द लिहिला. मला वाचता येईना, म्हणून एकेक अक्षर बिडीच्या कागदावर उतरवून काकांकडे गेलो. त्यांनी चष्मा लावला आणि त्यांचा चेहरा उजळला. म्हणाले, "अरे, हा तर आपला शब्द." पुढं तासभर ते उदाहरणं देत होते आणि मी एवढंच विचारत होतो की मला ठेवतील की काढतील. शेवटी माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

"अच्छा. काहून रडून राहिला बे?" ते म्हणाले. "कार्डावर लिहिलाय होय? चलो, उद्या पाहू."

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत काका छत्रीसकट फोरमनसमोर उभे राहिले, मी मागं. "साहब, यह विशेषण मेरा है. गलती से लड़के के कार्ड पर चढ़ गया."

फोरमननं विचारलं, कल्पना कुणाची होती? काका म्हणाले, माझी. खरं तर ती माझी होती, काकांची नव्हे. मी बुटांकडे पाहत राहिलो.

माझ्या कार्डावरचा शब्द खोडला गेला आणि काकांच्या नोकरीच्या कागदांवर चढला. त्या वर्षी त्यांच्या खात्यात मुख्याची जागा रिकामी होती. ती त्यांच्या हाताखाली शिकलेल्या माणसाला मिळाली. काकांनी त्याला पेढे दिले.

मी नोकरीत पक्का झालो त्या संध्याकाळी काकांकडे गेलो आणि म्हटलं, आता खरं काय ते सांगून येतो.

"आता सांगशील तर दोघंही खोटे ठरू. मीही गेलो, तूही गेला. किती इम्प्रॅक्टिकल होईल ते पाहा."

मी विचारलं, "काका, माणसाला म्हटला तर काय?"

त्यांनी चहाचा घोट घेतला. मग वही काढून माझ्यासमोर ठेवली. बाकी पानं त्यांच्या बारीक अक्षरांनी गच्च भरलेली. त्या एका पानावर मात्र एकच ओळ होती, गोल, बायकी अक्षरात: माणूस, जसे की, हे.

"तुझ्या काकूनं लिहिलं. मी शिकवत होतो तिला. पोळ्या लाटता लाटता लिहिलं, हा पाहा कणकेचा डाग." काकू जाऊन बारा वर्षं झाली, एवढं मला शेजाऱ्यांकडून कळलं होतं. खालचं सगळं पान कोरं होतं. काकांनी त्यावरून बोट फिरवलं. "त्यानंतर दुसरं उदाहरणच नाही भेटलं. यंदा तुझं नाव लिहिणार होतो. पण तू तर पक्का झाला."

ते हसले. मला हसता आलं नाही.

त्या चार पायऱ्या अजून तिथंच आहेत. मी रोज चढतो आणि रोज मोजतो. शेजारून उतार निघेल, जागा मी पावलांनी मापून ठेवली आहे. एक दिवस तो उतार करवून घेईन. पहिली पेटी काकांच्या हातानं ढकलवीन, आणि कल्पना कुणाची होती ते फोरमनसमोर मान वर करून सांगेन. त्याचं जे व्हायचं ते होवो. मग काकांकडे येऊन काकूंच्या ओळीखाली माझं नाव मी स्वतःच लिहीन.