रागाचा पॉलिश पेपर

हरेशला दोन गोष्टी फार सहज जमायच्या. एक जेवणं आणि दुसरी जबाबदारी घेणं! घेतलेली जबाबदारी शेवटी कुणाच्या गळ्यात पडायची, हा भाग वेगळा.

त्याच्या धाकट्या बहिणीचं, मनिषाचं लग्न ठरलं. तिचे होणारे सासरे विठूशेठ उरणहून बोलणी करायला आले, तेव्हाही हेच झालं. चहा झाला, मानपान झाला, आणि चपला घालताना विठूशेठनी आधारासाठी अंगणातल्या टेम्पोला हात टेकला. हात उचलला तर टेम्पोचा अर्धा रंग तळव्याला! गंज होता तो वेगळाच.

"मनिषाचं कपाट न् पलंग या टेम्पोतून येनार?" तळवा सगळ्यांना नीट दाखवत विठूशेठ म्हणाले. "वाटंत खाली पडायचं सगळं. त्यापरीस आमीच आमची गाडी धाडतो."

झालं! काशीरामबाबांचा चेहरा खर्रकन उतरला. मिठागरात उभा जन्म उन्हात काढून त्यांनी हा टेम्पो घेतला होता, आणि लेकीचं सामान आपल्याच टेम्पोतून तिच्या सासरी पोचवायचं, हे त्यांनी टेम्पो आणला त्याच दिवशी ठरवून टाकलं होतं. सासरच्यांनी गाडी धाडायची म्हणजे काय? बापाला उभं जाळल्यासारखंच की! बाबा नुसते टेम्पोकडे बघत राहिले. ते हरेशला बघवलं नाही.

"विठूशेठ!" त्यानं छाती पुढं काढली. "तुमी हळदीला या. आपला टेम्पो नवरीपरीस देखना दिसला नाय तर मिशी उतरवीन!"

दाराआडून नवरीनं त्याच्याकडे जे बघितलं, ते इथे सांगण्यासारखं नाही.

हळद तोंडावर आली तेव्हा हरेश रुबाबात बळीराम पेंटरकडे गेला. बळीराम कपाळाला हात लावून बसला होता. लग्नसराई, त्यात त्याची सगळी पोरं उलव्याला नव्या बिल्डिंगा रंगवायला पळालेली.

"रंग मी मारतो," बळीराम म्हणाला. "पन घासायला मानूस नाय. तू घासून आन."

"घासायचं म्हंजे किती?"

"सगळा! जुना रंग जिथं चकाकता राहील, तिथं नवा पापडासारखा सुटंल. गंज काढायचा, खड्ड्यांत लांबी, म्हंजे पुट्टी, भरायची, लांबी वाळली की ती पन घासायची. हात फिरवलास तर तान्ह्या पोराच्या गालावानी लागाया पायजे."

"एवढंच ना!" हरेश म्हणाला, आणि पॉलिश पेपरची चवड घेऊन घरी आला.

त्यानं हातमोजे घातले, तोंडाला फडकं बांधलं, डोळ्यांना गॉगल लावला, मोबाईलवर स्वतःचा फोटो काढला. इतकं काम झाल्यावर थोडी विश्रांती घेतली. मग प्रश्न आला, सुरुवात कुठून? त्यानं मागचा फाळका निवडला. कारण फाळका स्टुलावर बसून घासता येतो!

आता त्या फाळक्यावर घरातल्या पोरांची नावं होती. आपल्याकडे गाडी म्हटली की तिच्यावर पोरांची नावं पाहिजेतच, नाहीतर गाडी उसनी आणल्यासारखी वाटते. आधी 'सत्यजीत', म्हणजे मोठा भाऊ शैलेश आणि दिपिकावहिनी यांचा मुलगा. शेजारी 'प्रणित', म्हणजे हरेश आणि भाविका यांचा. हरेशनं डावीकडून घासायला घेतलं. खर्र... खर्र... 'सत्यजीत' पुरता निघाला तेव्हा हरेशचा खांदा जागेवर आहे की गळून पडला, हे त्याला हात लावून बघावं लागलं. बाकीचं जेवून करू असं म्हणून तो आत गेला, बोंबलाचं कालवण भातावर ओरपलं आणि पंख्याखाली आडवा झाला.

तेवढ्यात दिपिकावहिनी वाळलेले कपडे काढायला अंगणात आली. बघते तो काय! आपल्या लेकाचं नाव खरवडून काढलंय आणि जावेच्या लेकाचं नाव लाल रंगात झळकतंय! कपडे गेले खाली. स्टुलावरचा पॉलिश पेपर वहिनीच्या हातात आला.

हरेशला जाग आली ती खर्र खर्र आवाजानं. बाहेर आला तर दोघी जावा समोरासमोर.

"ताई, पोराचं नाव खरवडताना हात कसा धजला तुमचा?" भाविका ओरडत होती.

"तुज्या नवऱ्याचा धजला ना, तसाच!"

एखादा शहाणा माणूस असता तर तिथल्या तिथे सांगून मोकळा झाला असता, की अगो बायांनो, सगळंच घासायचंय, मी दमून झोपलो एवढंच. हरेशनंही त्यासाठी तोंड उघडलं होतं. पण बोलता बोलता त्याचा हात फाळक्याच्या उजव्या भागावरून फिरला. गुळगुळीत! तान्ह्या पोराच्या गालासारखा! त्याच्या स्वतःच्या अर्ध्या भागावर तर अजून ओरखडे होते.

हरेशनं उघडलेलं तोंड मिटलं.

प्रणितच्या दप्तरात एक जाड मार्कर होता, पाण्यानं न जाणारा. संध्याकाळी हरेशनं ड्रायव्हरचं दार सोडून टेम्पोच्या उजव्या बाजूवर टोकापासून टोकापर्यंत लिहिलं, 'सत्यजीत'. आणि आत जाऊन भाविकाला सहज म्हणाला, "बळीराम खूण करून गेला वाटतं. उजव्या बाजूला एकट्या सत्यजीतचंच नाव येनार म्हने."

"एकट्याचं?" भाविकानं पदर खोचला. "बघतेच मी कसं येतं ते!"

भाविका उजवीकडे घासत असताना डावीकडे 'प्रणित' उगवलं. ती बातमी दिपिकावहिनीपर्यंत पोचवायला हरेशला फार लांब जावं लागलं नाही. टेम्पोच्या एका अंगाला एक जाऊ, दुसऱ्या अंगाला दुसरी, आणि मध्ये हरेश दोघींना पाणी देत फिरतोय! "वयनी, वेलांटीचा शेंडा राह्यला बघा," तो इकडे म्हणे. "भाविका, खालच्या कोपऱ्यात अजून 'त' दिसतो गो," तो तिकडे म्हणे. खड्ड्यांत त्यानं लांबी भरली. ती वाळली, की तिच्यावर पुन्हा नाव! पुन्हा खर्र खर्र! बळीरामच्या सगळ्या पोरांना मिळून जे जमलं नसतं, ते दोन जावांच्या रागानं करून दाखवलं.

पुढारी जसा एकदा निवडून आला की थांबत नाही, तसं हरेशचं झालं. सकाळी त्यानं बोनेटवर लिहिलं, 'काशीराम'. आईनं, वेणूबायनं, ते वाचलं.

"अवो!" तिनं ओटीवरून हाक मारली. "नाव एकट्याचंच काय? मिठागरात टोपल्या मी नाय वाह्यल्या? मिठानं पाय माजे नाय फुटले?"

"मी कुटं लिव्हलंय?" बाबा गोंधळले.

"मंग कोनी, मिठानं लिव्हलं?"

वेणूबायच्या हातून बोनेट दुपारपर्यंत गुळगुळीत झालं. बाबा रुसून टेम्पोत मागे जाऊन बसले, तर तिथे केबिनच्या पाठीवर 'वेणू'! बाबांनीही मुकाट्यानं पेपर उचलला. राहिलं काचेच्या वरच्या पत्र्यावरचं 'आई एकविरा प्रसन्न'. तिथे मार्कर चालवायची हरेशची छाती झाली नाही. त्यानं नारळ फोडला, देवीला म्हटलं, "आये, दोन दिस सांभाळून घे," आणि तेवढी जागा स्वतः घासली.

टेम्पो जवळजवळ तयार झाला. घराचं मात्र भलतंच होऊन बसलं! दोन जावांनी दोन शेगड्यांवर दोन वेगळ्या डाळी शिजवल्या. आईबाबा एकमेकांकडे पाठ करून जेवले. शैलेशदादा बंदरावरची पाळी संपवून आला, घरातला रंग बघितला आणि जादा पाळी मागायला परत गेला. संध्याकाळी मनिषा हरेशच्या समोर येऊन उभी राहिली. डोळे रडून सुजलेले.

"दादूस, परवा माजी हळद," ती म्हणाली. "दिपिकावयनी म्हनते भाविका असंल तर मी मांडवात येनार नाय. भाविकावयनी म्हनते ताई आली तर मी येनार नाय. आईबाबा बोलत नाय. तुजा टेम्पो झाला गुळगुळीत! मंग मला हळद लावायला कोन येनार, टेम्पो?"

हरेशच्या पोटात खड्डा पडला. हा खड्डा लांबीनं भरणारा नव्हता. बहिणीच्या हळदीत घर फोडलं आपण! सामान आपल्याच टेम्पोतून जाईल, पण ते उचलायला चार माणसं एकत्र उभी राहायची नाहीत! त्याला मनापासून लाज वाटली. सगळं खरं सांगून टाकावं असंही वाटलं. पण खरं सांगितलं असतं तर हळदीआधी त्याचाच कार्यक्रम झाला असता.

आणि ड्रायव्हरच्या बाजूचं दार अजून घासायचं राहिलं होतं.

तेव्हा हरेशला ती थोर कल्पना सुचली. घरातली भांडणं कधी मिटतात? सगळ्यांना मिळून एकाचाच राग येतो तेव्हा! ठरलं. बहिणीसाठी आपण वाईट व्हायचं. पहाटे उठून त्यानं दारावर मोठ्यात मोठ्या अक्षरात लिहिलं, 'मालक हरेश शेठ'. बापाच्या टेम्पोवर मालक म्हणून आपलं नाव! आता सगळं घर एकजुटीनं तुटून पडणार, दारही घासलं जाणार आणि घरही जुळणार! डोक्यावरून चादर ओढून तो कानोसा घेत पडून राहिला.

खर्र खर्र काही ऐकू येईना. उन्हं वर आली. मग हसण्याचा आवाज आला.

दार पहिल्यांदा दिसलं दिपिकावहिनीला. ती भाविकाशी बोलत नव्हती, पण असलं काही एकटीनं बघून गप्प बसणं कुठल्या बाईला जमतं? "भाविका, इकडं ये गो! बघ काय लिव्हलंय!"

भाविकानं वाचलं आणि मटकन ओट्यावर बसली. "मालक? अगो, हे सकाळी मला इचारून आंघोळीला जातात!"

वेणूबाय इतकी हसली की तोल जाऊन तिनं बाबांचाच खांदा धरला, आणि बाबांनीही तो काढून घेतला नाही. हरेश चादर टाकून बाहेर धावला. त्याच्या बोटांवर मार्करची काळी शाई होती. बाबांनी ती बोटं बघितली, दार बघितलं, आणि त्यांच्या डोक्यात उजेड पडला.

"म्हंजे ती पन नावं यानंच लिव्हली! आपल्याकडनं टेम्पो घासून घेतला यानं!"

हरेशनं पॉलिश पेपर पुढे केला. "आला ना राग? मंग घासा! सगळ्यांनी मिळून घासा!"

"राग कसला, भावजी?" दिपिकावहिनी डोळे पुसत म्हणाली. "दार तुमचं, नाव तुमचं, पेपर पन तुमचाच. आमी चाललो हळद कुटायला. चल गो भाविका."

आणि दोघी जावा एकमेकींच्या गळ्यात हात टाकून आत गेल्या! मनिषा तेवढी मागे थांबली. हसली आणि म्हणाली, "दादूस, तू नसतास तर माजं कसं झालं असतं रं?" आणि तीही आत पळाली.

दार हरेशनं एकट्यानं घासलं. म्हणजे अक्षरं दिसेनाशी होईपर्यंत घासलं. वर मनापासून एक हात फिरवला आणि टेम्पो बळीरामकडे नेला.

हळदीच्या दिवशी टेम्पो अंगणात आला तेव्हा पांढराशुभ्र चमकत होता. विठूशेठनी त्याच्या अंगावरून हात फिरवला, तळवा बघितला. स्वच्छ!

"मानलं, काशीराम!" ते म्हणाले. "सामान तुमच्याच टेम्पोतून येऊ द्या."

बाबांनी हरेशच्या पाठीवर थाप मारली. तो दोन्ही हात कमरेवर ठेवून टेम्पोशेजारी फोटोसाठी उभा राहिला. विठूशेठ फिरत फिरत ड्रायव्हरच्या बाजूला गेले आणि थबकले. नव्या पांढऱ्या रंगातून जांभळट अक्षरं हळूहळू वर येत होती.

"मार्कर होता?" बळीरामनं कपाळावर हात मारला. "सांगायचं तरी! ती शाई वर येतेच. नीट घासली असतीस तर गेली असती. बाकी सगळीकडं कशी गेलीय बघ!"

बाकी सगळीकडे राग होता. इथे नुसता हरेश होता.

"मालक... हरेश... शेठ," विठूशेठनी मोठ्यानं, एकेक शब्द सावकाश वाचला. मांडवातले सगळे पाहुणे वळून बघायला लागले. विठूशेठनी अदबीनं दोन्ही हात जोडले. "मंग मालक, आपन असताना दुसऱ्यानं पुढं व्हायचं बरं दिसत नाय. कपाटाला पहिला हात तुमीच लावा!"

दिपिकावहिनी आणि भाविका एकमेकींना धरून हसत होत्या. बाबा हसत होते. हरेशनं बाह्या सरसावल्या आणि कपाटाची खालची बाजू धरली.

कपाट लोखंडी होतं. आणि आतलं सामान काढून घ्यायचं कुणालाच सुचलं नव्हतं.