पुलाच्या अनुषंगाने

माणूस आणि संकट यांच्यामध्ये निदान एक वाक्य तरी असलंच पाहिजे, हे सुसंस्कृत कारभाराचं पहिलं लक्षण आहे. रानात असं वाक्य नसतं, म्हणून तिथे माणसं थेट संकटात पडतात. ऑस्ट्रेलियातल्या गुल्लारी गावात मात्र कौन्सिल आहे, कौन्सिलला कचेरी आहे आणि कचेरीला एअरकंडिशनर आहे (बंद, पण आहे). त्यामुळे तिथे माणूस आधी वाक्यात पडतो आणि मग संकटात.

कौन्सिलची ही वाक्यं लायल टेबट लिहायचा. हुद्दा जनसंपर्क अधिकाऱ्याचा होता. जनांशी संपर्क फक्त शनिवारी बोल्सच्या (हिरवळीवर जड चेंडू घरंगळवायचा खेळ) क्लबात यायचा आणि तिथे तो गप्प बसायचा. स्वतःबद्दल त्याला फारसे भ्रम नव्हते. आपल्याला पूल बांधता येत नाही, नळ दुरुस्त करता येत नाही, मेंढी कातरायला घेतली तर मेंढीलाच आपली दया येते, हे तो कुणी न विचारता सांगायचा. त्याला एकच विद्या अवगत होती. मुद्द्याच्या अलीकडे इतका वेळ घुटमळायचं, की मुद्दा येईपर्यंत ऐकणारा घरी गेलेला असावा. या विद्येवर त्याने घर बांधलं होतं आणि मागच्या अंगणात लिंबाचं झाडही लावलं होतं.

इंग्रजी भाषेने या कामाची उत्तम सोय करून ठेवली आहे. वाक्याच्या तोंडाशी जोडायचे तुकडे तिथे तयार मिळतात. 'इन ड्यू कोर्स' म्हणजे यथावकाश, म्हणजे तुमच्या नातवंडांच्या हयातीत, तीही सुदृढ असली तर. 'इन प्रिन्सिपल' म्हणजे तत्त्वतः, म्हणजे हो, पण नाही. 'ऑन बिहाफ ऑफ' म्हणजे अमुकच्या वतीने, म्हणजे शिव्या त्याला द्या. 'विथ रिस्पेक्ट' म्हणजे आदरपूर्वक, आणि हे ज्याला म्हटलं जातं त्याचा त्यानंतर काय उद्धार होतो ते इथे लिहिण्यासारखं नाही. कौन्सिलच्या एका पाहणीनुसार (पाहणी लायलनेच केली, जेवणाच्या सुट्टीत) कचेरीतून बाहेर पडणाऱ्या मजकुरापैकी ब्याऐंशी टक्के हे तुकडे असतात, अकरा टक्के तारीख, आणि उरलेल्यात शाई कमी उमटलेली असते.

घरीही तो असाच बोलायचा. बायको नोरीनने संध्याकाळी काय खाणार विचारलं, तर प्राप्त परिस्थितीत, फ्रीजमधल्या शिल्लक बाबी लक्षात घेता, अशी सुरुवात व्हायची. तोवर नोरीनने चॉप्स तव्यावर टाकलेल्या असायच्या. तिला नवऱ्याचा राग वगैरे येत नसे. पहिले दोन तुकडे ऐकायचे, "हो हो" म्हणायचं आणि आपलं काम चालू ठेवायचं, ही पद्धत तिने लग्नाच्या पहिल्याच वर्षी बसवली होती.

आता यात एक अडचण होती, आणि ती लायलला पुरती ठाऊक होती. गुल्लारीतल्या लोकांना कुठल्याही गोष्टीचं शेपूट छाटायची सवय आहे. बार्बेक्यूचा ते 'बार्बी' करतात, आफ्टरनूनचा 'आर्वो', रुग्णवाहिका चालवणाऱ्या भल्या माणसाचा 'अँबो'. टेबटचा 'टेबो' झाला होता, आणि घाईत नुसता 'टेब'. जे लोक माणसाचं आडनाव शेवटपर्यंत उच्चारत नाहीत, ते वाक्य शेवटपर्यंत वाचतील अशी आशा करणं धाडसाचं होतं. लायल वर्षानुवर्षं मुद्दा वाक्याच्या शेपटीला बांधत आला होता. कुणाची तक्रार आली नाही, कारण मुद्दा कुणाला मिळालाच नव्हता.

मग काकाटू ओढ्यावरच्या लाकडी पुलाला वाळवी लागली. कौन्सिलची इंजिनियर बेव्ह ओ'ड्रिस्कॉल गुडघाभर चिखलात उतरली, खांबाला स्क्रूड्रायव्हर लावला, तो मुठीपर्यंत आत गेला. ती तशीच चिखलाच्या बुटांनी लायलच्या टेबलाशी आली.

"टेब, पूल कुजलाय. कुणी चढू नका, एवढंच लिही."

लायलने ते तत्परतेने लिहून घेतलं आणि मग कामाला लागला. नुसतं 'चढू नका' म्हणजे फार उघडंबोडकं दिसत होतं. त्याने वाक्याच्या अंगावर दोन तुकडे चढवले. नगराध्यक्षांनी मसुदा पाहून समाजहिताचा एक तुकडा सुचवला. विमावाल्यांनी हक्कांना बाधा न आणण्याचा एक पाठवला. वकिलांनी दोन पाठवले, दोन्हींचा अर्थ एकच होता आणि तो वकिलांनाच माहीत होता. रस्त्यावर आडवे बॅरिकेड लावावेत ही बेव्हची मागणी तत्त्वतः मंजूर झाली. बॅरिकेड यथावकाश येणार होते. अखेर ओढ्याच्या दोन्ही तीरांवर पुढील पाटी उभी राहिली:

'काकाटू ओढ्यावरील लाकडी पुलाच्या संदर्भात, नुकत्याच झालेल्या तपासणीच्या अनुषंगाने, समाजाच्या व्यापक हिताच्या दृष्टीने, कोणत्याही पक्षाच्या हक्कांना बाधा न आणता, आजमितीस उपलब्ध माहितीच्या आधारे, पुढील आदेशाच्या अधीन राहून, कौन्सिलच्या वतीने व सर्व संबंधितांच्या सहकार्याच्या अपेक्षेने, सदर पूल वाहनांस बंद करण्यात आला असून पलीकडे जाण्यासाठी बंद पडलेल्या लोणी कारखान्यामागचा रस्ता वापरावा.'

पाटी देखणी होती. अक्षर हिरवं, कडेला कौन्सिलचं बोधचिन्ह, त्यात काकाटू पक्षी. बेव्ह बराच वेळ तिच्यासमोर उभी राहिली.

"यातलं माझं वाक्य कुठंय?" तिने विचारलं.

"शेवटी आहे ना," लायल म्हणाला.

शनिवारी दुपारी बोल्सचा सामना होता. क्लब ओढ्याच्या या तीराला, अगदी पुलालगत. नोरीन पाटी लागायच्या आधीच पलीकडे बहिणीकडे राहायला गेली होती, ती यूटमधून (मागे उघडा हौदा असलेली गाडी) लॅमिंग्टन केक घेऊन परत यायची होती. चहा तिच्यासाठीच थांबला होता. लायल हातात चेंडू घेऊन हिरवळीच्या कडेला उभा असताना त्याला समोरच्या तीरावर यूट येताना दिसली.

ती पाटीपाशी थांबली. लायलचा जीव भांड्यात पडला. नोरीन काच खाली करून वाचत होती, हे त्याला इथून दिसत होतं. नंतर तिने जे सांगितलं ते असं, की पहिल्या ओळीतच तिने नवऱ्याला ओळखलं. दोन तुकडे वाचले, मनातल्या मनात "हो हो" म्हटलं आणि गिअर टाकला.

लायलच्या हातातून चेंडू पडला. तो पुलाकडे धावला. या बाईवाचून आपलं कसं होणार, एवढाच एक विचार डोक्यात होता, तोही विनातुकड्यांचा. त्याने दोन्ही हात वर केले आणि जिवाच्या आकांताने ओरडला:

"नोरीन, सद्यःस्थितीत, तुझ्या सुरक्षिततेच्या दृष्टीने—"

नोरीनने खिडकीतून हात हलवला. तिचे ओठ हलले. काय म्हणाली ते क्लबातल्या सगळ्यांना कळलं, कारण ते दोन्ही शब्द एकच होते.

पूल मधोमध बसला. मोडला असं म्हणण्याइतकंही बळ त्यात उरलं नव्हतं, थकलेला म्हातारा खुर्चीत बसावा तसा तो ओढ्यात बसला आणि यूटलाही बरोबर घेऊन बसला. दुष्काळाची कृपा, पाणी गुडघाभरच होतं. नोरीनचं डावं मनगट मोडलं. लॅमिंग्टन तरंगत गेले आणि खाली बदकांनी ते शेवटपर्यंत संपवले. गुल्लारीत शेवटपर्यंत जायची रीत फक्त बदकांत आहे.

संध्याकाळी हॉस्पिटलमध्ये नोरीन प्लास्टरकडे बघत पडली होती. लायल शेजारी बसला होता, त्याच्या पँटचे पाय अजून ओले होते.

"लायल," ती म्हणाली, "अशा वेळी 'थांब' म्हणायचं असतं."

लायलला खूप बोलायचं होतं. या अनुषंगाने, झाल्या प्रकाराच्या पार्श्वभूमीवर, असं बरंच काही ओठांवर आलं. तो ते सगळं गिळून "हो" म्हणाला आणि रडला. नोरीनने उजव्या हाताने त्याचा हात धरला. "हे समजलं मला," ती म्हणाली.

कौन्सिलने रीतसर चौकशी केली. अहवालाच्या निष्कर्षानुसार पाटीतील मजकूर संपूर्ण, अचूक आणि निर्दोष होता. पुढे असा प्रकार टाळण्यासाठी पाटीच्या सुरुवातीला 'नागरिकांच्या माहितीसाठी' हा आणखी एक तुकडा जोडावा, अशी शिफारस झाली. हा अहवालही लायललाच लिहावा लागला. त्याला तो एका शब्दात लिहायचा होता, पण तसा कागद स्वीकारायची कचेरीत सोय नव्हती.

नोरीनने ती पाटी वाचली नाही म्हणून तुम्ही मघाशी हसलात. हसायला हरकत नाही. फक्त पलीकडे जायला कुठला रस्ता वापरायचा, तेवढं सांगा. पाटी वर शब्दशः छापली आहे आणि तुम्ही ती आत्ताच ओलांडून आलात. राहू द्या, आता मागे जाऊन बघू नका. पुलावरून तसं करता येत नाही.