केवळरामभाऊंच्या फाट्यावरचा खाऊ

पाहुणे म्हणून कुणाकडे जाताना त्या घरच्या लेकरांच्या हातावर तुम्ही काय ठेवता? खरं सांगा. एसटीतून उतरता, फाट्यावरच्या दुकानात लटकलेल्या माळेतून चिप्स-कुरकुऱ्यांच्या चार रंगीत पुड्या तोडून घेता. हो ना?

पोंभुर्ण्याच्या रस्त्यावर, आमच्या फाट्यावर ते जमणार नाही. तिथे केवळरामभाऊंचं किराणा दुकान आहे. पुडी मागितली की आधी उलटतपासणी.

"कोनाच्या घरी जाऊन राह्यले?"

"बहिणीकडं."

"लेकरं किती?"

"दोन."

"मंग त्या लेकराइनं तुमचं का बिघडवलं?"

आणि पाहुण्याच्या हातात कागदात बांधलेले उकडलेले शिंगाडे पडतात. आमच्याच तलावातले. शिंगाडे नसले की फुटाणे, बोरं, काहीही, पुडी नाही. एक पाहुणा चिडला, "भाऊ, पैसे देऊन राह्यलो, फुकट नाई मागून राह्यलो."

भाऊ शांतपणे म्हणाले, "जहरबी नगदीच भेटते."

समोरचा पानठेलेवाला सुधाकर अशा वेळी हटकून हाक मारतो, "इकडं या पाहुणे, इथी परीक्षा नाई." त्याच्या ठेल्याला पुड्यांच्या माळांचा पडदाच आहे. आमच्या गावात एसटी चुकते, पुड्यांची गाडी चुकत नाही.

मी भिंतीवर ‘लेकरांना पुडी नको’ अशा घोषणा लिहिणारा माणूस. मला वाटलं, भाऊ आपल्या चळवळीतलेच. तसं बोललोही.

"चळवळ नाई बावा," ते म्हणाले. "सानू आहे."

सानू त्यांची नात. भद्रावतीला वसाहतीत राहते. तिच्याकडे जाताना भाऊ अख्खी माळ न्यायचे आणि तिच्या गळ्यात घालायचे. "माळवाला आजा आला" म्हणत पोरगी नाचायची. आता ती अकरा वर्षांची आहे. जिना चढताना मध्येच थांबते. डॉक्टरांनी वजनाची काळजी घ्यायला सांगितलंय. पोरं नावं ठेवतात, म्हणून ती खाली खेळायला उतरत नाही. एकट्या तुमच्या माळेनं हे झालं नाही, असं मी भाऊंना सांगून पाहिलं.

"माहा हात तं होता ना त्याच्यात," ते म्हणाले.

मागच्या रविवारी ते शिंगाडे घेऊन तिच्याकडे गेले. मी सोबत होतो. सानूनं पिशवीत डोकावलं, माळ नाही असं पाहिलं आणि आत निघून गेली. परत निघेपर्यंत भाऊ उंबऱ्याशी बसून शिंगाडे सोलत राहिले. ती काही बाहेर आली नाही. येताना एसटीत ते एकच वाक्य बोलले.

"ते पोट्टी मले ओळखत होती, का माळेले?"

दिवाळीच्या सुट्टीत सानू गावी येणार आहे. म्हणजे, येते म्हणाली आहे. तेव्हापासून भाऊ प्रत्येक एसटी निरखतात, आणि माझाही जीव टांगणीला लागलाय. ती आली नाही तर? आणि आली तर? आमचं गाव मायाळू आहे. घराघरातून तिच्यासाठी पुड्या येतील, आणि पुडी देता देता "केवढी जाडी झाली व माय" हेही तिला ऐकवलं जाईल.

म्हणून एक मागणं. आमच्या फाट्यावर उतरलात आणि दुकानाच्या ओट्यावर एक मुलगी बसलेली दिसली, तर तिला पुडी देऊ नका. तिच्या अंगाबद्दल चांगलं-वाईट काहीच बोलू नका. शेजारी बसा. भाऊंकडून शिंगाडे घ्या, एक सोलून तिला द्या. दुसरा तिलाच सोलू द्या. आजाला द्यायला.