अंगात आलेला कॉम्प्युटर

भिंगारमध्ये साळवेकाकांच्या घरी कॉम्प्युटर सुरू असेल तर आलेल्या माणसाने दोन्ही हात पाठीमागे धरून बसायचे, असा नियम होता. दार उघडल्यावर 'या' म्हणण्याआधी काका म्हणत, "हात मागं घ्या." त्यातून कोणी सुटत नसे. विम्याचा एजंट, सिलिंडर घेऊन येणारा, काकांचे सख्खे मेव्हणे, सगळे पकडून आणलेल्या आरोपींसारखे भिंतीलगत बसत. चहा आला की हात पुढे घेण्याची परवानगी मिळे. कप रिकामा झाला की हात पुन्हा मागे.

काका लष्कराच्या वर्कशॉपमधून इलेक्ट्रिशियन म्हणून निवृत्त झाले होते. नव्वदच्या दशकाची शेवटची वर्षे होती. पुण्याच्या भाच्याने ऑफिसातून काढलेला एक कॉम्प्युटर त्यांना आणून दिला होता. त्यावर काका एकच गोष्ट करत. पूर्वी टीव्हीला जोडून, कॅसेट घालून खेळायचा व्हिडिओ गेम मिळे. त्यातला एक गेम ते कॉम्प्युटरवर चालवत. असे करणाऱ्या प्रोग्रॅमला इम्युलेटर म्हणतात, आणि तो भाच्याने फ्लॉपीवर दिला होता.

मी तेव्हा नगरच्या एका दैनिकात होतो आणि काकांच्या समोर राहत होतो. इम्युलेटर म्हणजे नेमके काय, हे मी त्यांना विचारले.

"त्याचं असं हाय, पत्रकार," काका म्हणाले. "आमचा टीव्ही गेम मेला. लाईट वरखाली झाली, अडॅप्टर जळला, आतलं सगळं गेलं. देह संपला. आता त्याला ह्या कॉम्प्युटरच्या अंगात आनायचं. कॉम्प्युटरला वाटतं, आपनच तो गेम हाय."

"म्हणजे भूत?"

"भूतबित आपन मानत न्हाई." त्यांनी भिंतीवरच्या बुद्धाच्या तसबिरीकडे पाहिले. "आमच्या घरात ते कवाच बंद झालं. पन ह्याला दुसरा शब्द घावत न्हाई."

अंगात आणण्याचे काम सोपे नव्हते. चपला बाहेर काढायच्या. कॉम्प्युटरवरची शाल घडी करून ठेवायची. डब्यावर दोनदा टिचकी मारायची आणि मग बटण दाबायचे. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरे येत आणि काका त्यांना नाडी बघणाऱ्या वैद्यासारखे न्याहाळत. बिघाडाला ते बिघाड म्हणत नसत. आवाज आला नाही तर "घसा बसलाय." चित्र थरथरले तर "हुडहुडी भरली." एकदा गेम इतक्या वेगाने पळाला की पडद्यावरचा माणूस डोळ्याचे पाते लवायच्या आत सगळ्या खड्ड्यांत पडून मेला. "ताप चढलाय," म्हणत काकांनी वेगाचे बटण बंद केले आणि उरलेला दिवस कॉम्प्युटरला विश्रांती दिली.

हे सगळे गमतीचे होते. शेजारच्या शिंदेवहिनींनी खिडकीतून जे पाहिले, ते गमतीचे नव्हते.

"कुनी हात लावंना आन् आतला मानूस उड्या मारतोय!" त्या आमच्या घरी येऊन म्हणाल्या. "म्हातारा नुसता बसल्याला, हात मागं बांधून. मी माझ्या डोळ्यानं बघितलं. साळवेकाकू आजारी पडल्यापासनं त्या घरात कायतरी हाय."

त्यांनी आपली मुले त्या घरी पाठवणे बंद केले. खात्री करून घ्यायची सवय असल्याने मी एका दुपारी गेलो.

खिडकी अर्धी लोटलेली होती. काका खुर्चीत होते, हात मागे. कीबोर्ड भिंतीला उभा करून ठेवलेला. जुन्या गेमचा रिमोट टेबलावर होता. काकांनी त्याची वायर कापून प्रिंटरच्या जागी बसेल अशी पिन लावली होती, पण ती पिन कॉम्प्युटरला लावलेली नव्हती. खाली लोंबत होती.

पडद्यावर पाठीला पोते लावलेला एक बुटका माणूस चालत होता. खड्ड्याच्या काठाशी तो थांबला, दोन पावले मागे आला आणि मग उडी मारली. पुढच्या खड्ड्यालाही तेच: थांबणे, दोन पावले मागे, उडी. प्रत्येक खड्ड्याशी ते बिचकणे एखाद्या माणसाचे होते. त्या खोलीत तसे बिचकणारे कोणी नव्हते.

दुसऱ्या जिन्याखाली तो उभा राहिला. तोंड आमच्याकडे. मागे कोणी लागले नव्हते, पुढे काही अडलेले नव्हते. चिखलात बुडालेल्या पिपाणीसारखे संगीत वाजत राहिले. माणूस आमच्याकडे बघत उभाच. 

"काका, हा थांबला का?"

"हितं रोज थांबतो. मशीन दम घेत आसंल." काकांनी नजर हलवली नाही.

बऱ्याच वेळाने तो हलला आणि जिना चढून गेला.

"कोण खेळतंय?" मी विचारले.

"हिचा हात," काका हळूच म्हणाले आणि आतल्या खोलीकडे बोट केले.

लीलाकाकूंना दिवाळीनंतर लकवा झाला होता. उजवी बाजू गेली होती. त्याआधी हा गेम त्याच खेळत. मूल नव्हते. स्वयंपाक उरकला की गेमच्या शेवटी असलेल्या घंटेपर्यंत पोचल्याशिवाय त्या उठत नसत. तेव्हाच कधीतरी काकांनी आवाज दुरुस्त करताना चुकून भलतेच बटण दाबले आणि बाजारात निघून गेले. त्या दुपारचा काकूंचा अख्खा खेळ, एकेक बटण, कॉम्प्युटरने नोंदवून ठेवला. तोच काका रोज चालवत.

"चहाच्या आधी तिला खुर्चीत बसवतो. डाव्या हातात रिमोट देतो. पिन काढून ठेवतो, न्हाईतर तिची बोटं मधी लुडबुड करतील. तिला वाटतं, आपनच खेळतोय. डॉक्टर म्हनले, मन लागलं पायजे. आता हात मागं घ्या, मला एकदा बघू द्या, नीट चालतंय का."

पंधरवड्याने काकांनी मला हाक मारली. भाच्याने इम्युलेटरची नवी आवृत्ती पाठवली होती. जुनी पुसून काकांनी ती बसवली होती. आवाज आता स्वच्छ होता, पहिल्यांदाच. काका खुशीत होते. त्यांनी काकूंचा खेळ लावला.

बुटका माणूस निघाला. खड्ड्याच्या बराच अलीकडे थांबला, दोन पावले मागे आला, मोकळ्या जमिनीवर उडी मारली आणि चालत जाऊन खड्ड्यात पडला. पुन्हा जिवंत झाला. भिंतीला तोंड लावून उड्या मारू लागला. नव्या आवृत्तीचा वेग केसभर वेगळा होता. बटणे काकूंचीच, त्याच क्रमाने दाबली जात होती, पण खड्डे त्या जागी नव्हते. रोजच्या घरात वाट चुकलेल्या आंधळ्यासारखा तो भिंती चाचपत होता.

काकांचा चेहरा उतरला. "तिला दिसलं तर? म्हनंल, हा बी हात गेला."

"आवो," आतून काकूंचा जड आवाज आला. "आज न्हाई का?"

"आलोच! मशीनला जरा सर्दी झालीय!"

काकांनी जुन्या आवृत्तीच्या फ्लॉप्या शोधून काढल्या. पहिली कॉम्प्युटरने वाचली नाही. दुसरी खरखर करून थांबली. ती काढून त्यांनी बनियनला पुसली, तोंडाजवळ धरून फुंकर घातली आणि परत घातली. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी डब्यावर टिचकी मारली नाही. नुसता तळहात ठेवला. फ्लॉपी फिरली. जुना, घसा बसलेला आवाज परत आला.

आम्ही दोघांनी काकूंना खुर्चीत आणले. काकांनी त्यांची बोटे एकेक करून रिमोटवर ठेवली, पिन टेबलाखाली सरकवली आणि खेळ लावला. माणूस खड्ड्याशी थांबला, दोन पावले मागे आला, पलीकडे गेला.

"बघ, जमतंय का न्हाई!" काका म्हणाले आणि चहा टाकायला आत गेले.

दुसऱ्या जिन्याखाली माणूस उभा राहिला. काकूंची बोटेही स्थिर झाली. मी खाली पाहिले. पिन माझ्या पायाशी होती. का कोण जाणे, मी वाकून ती उचलली.

"हात मागं घ्या," काकू म्हणाल्या.

मी हात मागे घेतले.

"हितं तो का थांबतो, ठाव हाय का, दादा?" शब्द जड, पण नीट होते. "दूध उतू गेलं हुतं. मी उठून पळत गेल्ते." त्यांनी आतून येणारा स्टोव्हचा आवाज ऐकला. "आता मी उठत न्हाई, तरी तो थांबतोच. मला पयल्याच दिशी कळलं."

"मग काकांना..."

"सांगू नका," काकू म्हणाल्या. माणूस हलला, तसा त्यांनी अंगठा दाबला. "खेळू द्या त्यांना."